चेनसॉमधून ऑइल गळतंय: दुरुस्त करावी की नवीन घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पेट्रोलवरची चेनसॉ चार-पाच वर्षं वापरलेली, कापायला अजून मस्त चालते, पण रात्रभर ठेवली की सकाळी खाली ऑइलचं थारोळं असतं. मेकॅनिकने ऑइल पंप, क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) दोन्ही ऑइल सील आणि टाकी बदलायला सांगितली आणि सगळं मिळून नव्या मशीनच्या जवळपास निम्मा खर्च काढला. तर करावी का सोडून द्यावी.

माझं मत आधीच सांगतो. हा खर्च आत्ता करू नका आणि नवीन मशीनही आत्ता घेऊ नका. गळती नेमकी कुठून आहे हे अजून कुणी बघितलेलंच दिसत नाही, तीन वेगळ्या जागांचे पार्ट एकाच कारणासाठी सांगितलेत म्हणजे अंदाजाने सांगितलेत. आणि त्यात क्रँकच्या ऑइल सीलचा बार ऑइलच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या (बारच्या) ऑइलच्या, टाकीशी थेट संबंधच नसतो, त्यावर पुढे बोलतो.

सगळ्यात आधी खाली जे पडतंय ते काय आहे ते ठरवा. मशीनमध्ये दोन टाक्या, एकात पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑइलचं मिश्रण, दुसऱ्यात चेनला लागणारं बार ऑइल. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. बार ऑइल घट्ट, बोटाला चिकटतं, बोटं लांब केली की तार धरतं, कागदावर डाग तसाच ओला राहतो. मिश्रणाचा थेंब पाण्यासारखा पसरतो, पेट्रोलचा वास मारतो आणि थोड्या वेळाने पेट्रोल उडून फक्त फिकट तेलकट कडा उरते. हे बघणं फार महत्त्वाचं आहे कारण पेट्रोल गळत असेल तर खर्चाचा हिशोब वगैरे बाजूला, मशीन चालू करायचीच नाही. सायलेन्सर तिथून वीतभर अंतरावर असतो आणि तो चांगलाच तापलेला असतो. बार ऑइल असेल तर मात्र घाई नाही, निवांत शोधा.

आता बार ऑइलच आहे असं धरून चालू.

बऱ्याच वेळा ही गळती नसतेच. काम संपल्यावर बारच्या खाचेत, चेनमध्ये आणि क्लचच्या कव्हरच्या आत ऑइल आणि भुसा मिळून लगदा झालेला असतो, तो रात्रभर आणि कधी कधी दोन-तीन दिवस हळूहळू निथळत राहतो. कव्हर काढून आत बघा, क्लच ड्रमच्या मागे आणि बार बसतो त्या जागी काळपट लगद्याची वडी जमलेली असेल, स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर अख्खा तुकडा निघतो आणि तो दाबला की ऑइल येतं. वापर झाल्यावर तळहाताएवढा डाग पुठ्ठ्यावर पडला तर मी त्याला बिघाड म्हणतच नाही. टाकी अर्धी रिकामी होत असेल तर तो बिघाड.

म्हणून पहिली पायरी स्वच्छता, आणि ती नीट करायची, वरवर फडकं मारून नाही. इंजिन थंड झाल्यावर स्पार्क प्लगची कॅप काढून ठेवा, कव्हर, चेन, बार सगळं उतरवा, ब्रश आणि रॉकेलने किंवा डिग्रीझरने ती सगळी बाजू धुवा, पेट्रोल वापरू नका. बारची खाच पातळ पट्टीने खरवडून काढा, बारवरचं ऑइलचं भोक तारेने मोकळं करा. मग सगळं कोरडं पुसून बार न लावता ऑइलची टाकी भरायची, किती भरलं ते मापाने मोजून लिहून ठेवायचं, आणि मशीन नेहमी ठेवता तशी स्वच्छ पुठ्ठ्यावर ठेवायची. पेट्रोलची टाकी या सगळ्या तपासणीत रिकामी ठेवा.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा असेल तर तुमचा प्रश्न तिथेच संपला, खर्च शून्य.

ओला असेल तर डाग मशीनच्या कोणत्या भागाखाली आहे ते बघा. नुसतं बघून कळत नसेल तर पुन्हा पुसून साध्या टाल्कम पावडरचा पातळ थर त्या बाजूला मारा. ऑइल जिथून सुरू होतं तिथे पावडर आधी ओली होते आणि मग ओघळ खाली जातो. ऑइल खालच्या कडेला येऊन टपकतं त्यामुळे सगळ्यांना वाटतं टाकी तळाला फुटली, आणि सुरुवात वर कुठेतरी असते. ओघळाचं वरचं टोक शोधायचं, थेंब पडतो ती जागा नाही.

अजून एक तपासणी जी मी नेहमी करतो. एक रात्र मशीन नेहमीसारखी उभी ठेवायची आणि एक रात्र क्लचची बाजू वर करून आडवी. बहुतेक मशीनमध्ये झाकणं क्लचच्या विरुद्ध बाजूला असतात, त्यामुळे आडवी ठेवली की झाकण ऑइलखाली जातं आणि पंप ऑइलच्या पातळीच्या वर येतो. उभी असताना गळते आणि अशी आडवी ठेवली की थांबते, तर पंप किंवा पंपाकडे जाणारा पाइप. उलट आडवी केल्यावर झाकणापाशीच गळायला लागली तर झाकणाची ओ-रिंग. फुकटात निम्मा शोध लागतो.

आता जागा एकेक करून.

झाकण. ओ-रिंग चपटी झालेली, चिरलेली किंवा तिच्याखाली लाकडाचा तंतू अडकलेला. विना-पाना फिरवायची जी झाकणं असतात ती कधी कधी बंद झाल्यासारखी वाटतात पण आतला भाग अर्धाच फिरलेला असतो, वरून अजिबात कळत नाही. एका माणसाने माझ्याकडे मशीन आणली होती, दुसरीकडे पंप नवीन टाकून झाला होता आणि गळती जशीच्या तशी. झाकण काढून ओ-रिंग नखाने उचलली तर खाली केसाएवढी लाकडाची सळ आडवी बसलेली, तेवढ्यावरून रात्रभरात ऑइल बाहेर. सळ काढली, खाच पुसली, नवीन ओ-रिंग घातली, बंद. जुना पंपही चांगलाच असणार पण तो तोपर्यंत फेकून दिलेला. म्हणून मी कुठल्याही मशीनचं आधी झाकण बघतो मग पुढे जातो.

ब्रीदर. ऑइलच्या टाकीला हवा घ्यायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, कुठे रबराचा, कुठे धातूचा सच्छिद्र बूच, बहुतेक वेळा बारच्या बाजूलाच टाकीच्या भिंतीत असतो आणि नेमका भुशाने माखतो. तो बुजला की दोन उलट लक्षणं दिसतात आणि लोक गोंधळतात. चालू असताना टाकीत हवा जात नाही, आत ओढ तयार होते आणि चेनला ऑइल कमी पडतं. काम संपवून गरम मशीन ठेवली किंवा उन्हात ठेवली की आतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नसते, मग ती ऑइललाच पंपामधून बाहेर ढकलते. झाकण उघडताना फुस्स आवाज येत असेल तर आधी ब्रीदरवर संशय घ्या. आणि उलट ब्रीदरचं रबर फाटलं असेल तर ऑइल थेट तिथूनच येतं. हा पार्ट अगदी किरकोळ असतो, मशीनच्या किमतीपुढे नगण्य, तरी अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो.

ऑइलचा पाइप. टाकीपासून पंपापर्यंत रबराचा छोटा पाइप असतो, वर्षानुवर्षं ऑइलमध्ये आणि उष्णतेत राहून तो एकतर कडक होऊन चिरतो नाहीतर फुगून ढिला पडतो. चार-पाच वर्षांच्या मशीनमध्ये माझा पहिला संशय यावरच असतो. चीर बहुतेक टाकीच्या भोकात तो घुसतो त्या गळ्यापाशी असते, वरून धडधाकट दिसतो, बोटाने वाकवला की चीर उघडते. काही मॉडेलमध्ये पाइपऐवजी गॅस्केट किंवा सीलंट असतं, तिथे ते बघायचं.

काही मॉडेलमध्ये बार कसायचे स्टड थेट टाकीच्या भिंतीत घुसलेले असतात. नट काढताना स्टडच सैल झाला तर त्याच्या आट्यांमधून ऑइल पाझरतं. हे फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून तेवढं बघून घ्या. स्टड काढून आटे स्वच्छ करून आटे सील करणारं लॉकिंग लिक्विड लावून बसवला की काम होतं, नवीन टाकीची गरज नाही.

मग पंप. पंप क्लचच्या मागे असतो आणि क्रँकवरच्या वर्म गिअरने फिरतो. आतला छोटा प्लंजर (दट्ट्या) झिजला की मशीन बंद असतानाही टाकीतलं ऑइल स्वतःच्या वजनाने हळूहळू पंपातून उतरतं. पण पंप बदलायच्या आधी तो काम करतो का ते बघा: एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत ऑइलची टाकी जवळपास संपत आली पाहिजे पण पूर्ण संपता कामा नये, कंपन्या दोन्ही टाक्यांची मापं तशीच ठेवतात. पेट्रोल अर्धं असतानाच ऑइल संपत असेल तर एकतर ॲडजस्टमेंटचा स्क्रू पूर्ण उघडा आहे नाहीतर खरंच कुठेतरी वाया जातंय. आणि फक्त चालू असतानाच बारच्या बुडापाशी गळत असेल तर पंपाला दोष देऊ नका, बारवरचं भोक बुजलेलं असतं आणि पंपाने दिलेलं ऑइल आत जायला जागा नसल्याने बाजूने बाहेर येतं.

पंपापर्यंत जायला क्लच उतरवावा लागतो, त्याचे आटे बहुतेक मशीनमध्ये उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे माहीत नसल्याने लोक ताकद लावून क्रँकच खराब करतात. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा, पण पिस्टन एक्झॉस्टच्या खिडकीच्या (सिलिंडरमधलं धूर बाहेर जायचं भोक) वर गेल्यावरच, नाहीतर दोरी खिडकीत अडकून कापली जाते. लोखंडी वस्तू घालू नका. आणि एकदा क्लच उतरवलाच तर पाइप, ब्रीदर आणि क्लचचं बेअरिंग सगळं एकाच वेळी बघून घ्या. खरा खर्च मजुरीचा असतो, पाइपसाठी एकदा आणि ब्रीदरसाठी पुन्हा एकदा तेच खोलण्यात अर्थ नाही.

आता क्रँकच्या ऑइल सीलचं. हे सील इंजिनच्या आतलं मिश्रण आणि दाब आत ठेवतात आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाहीत. बार ऑइलची टाकी त्यांनी अडवलेली नसते. क्लचच्या बाजूचं सील खरंच गेलं असेल तर उलट ते तिथलं बार ऑइल आत ओढू शकतं आणि धूर वाढतो. सील गेल्याची लक्षणं वेगळी असतात: आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तो वेग) स्थिर राहत नाही, ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, मशीन तिरपी केली की आवाज बदलतो, कार्ब्युरेटर कितीही सेट केला तरी टिकत नाही. यातलं काही असेल तर ते गंभीर आहे, कारण हवा ओढली की मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रणात ऑइलही कमी पोहोचतं आणि पिस्टनवर ओरखडे पडतात. पण तुम्ही म्हणताय मशीन मस्त चालते. मग सील कशाच्या आधारावर सांगितलं हे मेकॅनिकला विचारा. तपासायची पद्धत आहे, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरच्या जागा बंद करून हातपंपाने इंजिनमध्ये साधारण अर्धा बार (इथे बार म्हणजे दाब मोजायचं एकक) दाब द्यायचा आणि काटा टिकतो का बघायचा, मग उलट ओढ लावून तेच. दाबात टिकतं पण ओढीत टिकत नाही असंही सील असतं म्हणून दोन्ही करायचं. ही टेस्ट न करता सील बदलायला सांगणाऱ्याला मी पैसे देणार नाही.

टाकी फुटलेली असेल तर मात्र विषय अवघड. बऱ्याच मशीनची टाकी हँडलसकट एकाच प्लास्टिकच्या सांगाड्यात असते आणि ते प्लास्टिक बहुधा फायबर घातलेलं नायलॉन असतं, त्यावर एपॉक्सी वगैरे फार टिकत नाही, त्यात ते ऑइल मुरलेलं. हॉट एअरने वेल्डिंग करणारे आहेत पण ती चीर धक्क्याच्या जागी असेल तर पुन्हा उघडते. पेट्रोलच्या टाकीला तर असलं जुगाड अजिबात करू नका. सांगाडा बदलायचा म्हणजे अख्खी मशीन खोलून दुसऱ्या सांगाड्यात बसवायची, पार्ट महाग आणि मजुरी त्याहून जास्त. हे निघालं तर हिशोब करायला बसावं लागतं.

पेट्रोलच्या बाजूचं थोडक्यात, कारण तुमच्याकडे ते नसावं असं वाटतं. पाइप कडक होऊन चिरणं, इथेनॉलवालं जुनं पेट्रोल टाकीत पडून राहिल्याने रबर फुगणं, कार्ब्युरेटरची सुई नीट न बसल्याने उभ्या उभ्या एअर फिल्टर ओला होणं, ही नेहमीची कारणं. पाइप, फिल्टर आणि कार्ब्युरेटरचं डायफ्राम किट एकत्रच टाकायचं. सायलेन्सरमधून काळं तेलकट टपकत असेल तर ती गळती नाही, न जळलेलं टू-स्ट्रोक ऑइल आहे, मिश्रण तपासा. कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर १ लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली, अंदाजाने ओतायचं नाही.

आता खर्चाचं. लोक गळतीचा खर्च नव्या मशीनच्या किमतीशी ताडून बघतात, मी आधी इंजिन बघतो. सायलेन्सर काढा, दोन-तीन स्क्रू असतात, आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्चने पिस्टन बघा. गुळगुळीत, राखाडी, बारीक मशीनिंगच्या आडव्या रेषा अजून दिसतात तर इंजिनमध्ये जीव आहे. उभे ओरखडे, ॲल्युमिनियम फासटल्यासारखं दिसतंय तर ऑइलच्या पाइपवर सुद्धा खर्च करायच्या आधी थांबा. दुसरं म्हणजे बंद मशीन स्टार्टरच्या दोरीने उचलून धरा, तिच्याच वजनाने दोरी झटकन सुटली तर कॉम्प्रेशन गेलंय, अडकत अडकत हळू उतरली तर ठीक. हे दोन्ही चांगलं असेल तर ओ-रिंग, ब्रीदर, पाइप, पंप यातलं काहीही करा, विचार करायची गरजच नाही, हे चारही एकत्र धरले तरी चांगल्या मशीनच्या किमतीचा छोटा हिस्सा होतो.

मोठा खर्च निघाला तर माझी रेघ अशी. घरगुती वापराची हलकी मशीन असेल तर तशाच नव्या मशीनच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नका. प्रोफेशनल मशीन, मॅग्नेशियमचं क्रँककेस (क्रँकभोवतीचं इंजिनचं कवच), पार्ट सहज मिळणारी, तर निम्म्यापर्यंत जायला हरकत नाही कारण ती पुन्हा अनेक वर्षं चालते. तुलना करताना बरोबरीच्या मशीनशी करा. जुन्या भक्कम मशीनचा खर्च सगळ्यात स्वस्त नव्या मशीनशी ताडून बघितला तर उत्तर नेहमी चुकीचं येतं. आणि नवीन घेताना जुने बार-चेन बसतील असं गृहीत धरू नका, बारची बैठक, चेनचा पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या भागाची जाडी) आणि लिंकची संख्या यातलं एक जरी जुळलं नाही तर तुमच्याकडचा सगळा जादा साठा वाया, तो पैसा नव्याच्या किमतीत मिळवा. घरगुती मशीनमध्ये बऱ्याच वेळा ऑइल सील इंजिनच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून बसवलेले असतात, ते बदलायला इंजिनच बाहेर काढावं लागतं. म्हणजे सील खरंच गेलं असेल तर तिथे पार्टची किंमत नाही, मजुरी विचारायची.

तिसरा पर्यायही आहे जो कुणी सांगत नाही: काहीच न करणं. मापाने भरलेलं ऑइल दोन दिवसांनी परत मोजा. दोन-तीन चमचे कमी झालं असेल आणि मशीन वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघत असेल तर काम झाल्यावर ऑइलची टाकी रिकामी करून ठेवा, खाली ट्रे ठेवा, बस. ते ऑइल गाळून परत वापरता येतं. मात्र रोज मशीन चालवणाऱ्याने असं करू नये, टाकी भरायला एकदा विसरलात तर कोरड्या चेनवर बार जळतो आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. आणि गळती आहे म्हणून स्वस्तात इंजिनचं जळकं ऑइल बारला घालू नका, त्यात धातूचा चुरा असतो, पंप झिजतो, शिवाय ते हवेत उडून अंगावर आणि श्वासात जातं. खाद्यतेलही ठेवणीत घट्ट चिकट होऊन पाइप आणि पंप जाम करतं.

तर आता तुम्ही करायचं ते असं. धुवा, पावडर मारा, दोन रात्री दोन पद्धतीने ठेवा, टाकी मोजा. मेकॅनिककडे परत जाल तेव्हा "ऑइल गळतंय" एवढंच सांगू नका, "उभी असताना क्लचच्या मागून येतंय, झाकण कोरडं आहे, रात्रीत इतकं मिली" असं सांगा आणि आधी पाइप आणि ब्रीदर बदलायला सांगा, क्लच उतरवलेला असतानाच पंप हातात घेऊन बघा. काढलेले जुने पार्ट परत मागा. तेवढ्यावर थांबलं नाही तर मग पंप. टाकीची चीर कुठे आहे ती डोळ्यांनी दाखवा म्हणावं, आणि सीलसाठी दाबाची टेस्ट तुमच्यासमोर करायला लावा. पिस्टन कसा दिसतो तेवढं नक्की कळवा, त्यावरून मला पुढचं सांगता येईल.